छाया, पडछाया, छटा : कॅरेक्टर काढताना ‘शेड’ला नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न :
मी टॅबवर कॅरेक्टर काढतोय, सध्या तालमीतला पैलवान घेतलाय. शिकायचे व्हिडिओ सगळे इंग्रजीत आणि त्यात शॅडो म्हटलं की कधी गालाचा अंधारा भाग असतोय तर कधी हनुवटीची मानेवर पडलेली सावली, आणि आमच्या पोरांत तर सगळ्यालाच ‘शेड मार’. मराठीत याला वेगवेगळे शब्द आहेत का दादा? आणि कोण वापरतं का ते?

उत्तर :
आहेत की भावा, आणि चांगले रुळलेले आहेत. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाबी विचार, वस्तुचित्र शिकवताना ड्रॉइंगचे सर हेच तर बजावत असतात. उजेडाकडं पाठ केलेला वस्तूचा जो भाग असतो त्याच्यावरचा अंधार म्हणजे छाया, आणि वस्तूनं उजेड अडवला म्हणून दुसऱ्या कशावर तरी जी पडते ती पडछाया. छटा तिसरीच, ती रंगाची. ‘फेट्याची शेड बदल’ म्हटलं तर तिथं छटा, ‘फेट्याला शेडिंग कर’ म्हटलं तर छाया.

आता हा फरक नुसता बोलायचा नाही, ब्रश बदलतो त्यानं. पैलवानाचा खांदा गोल आहे, तिथं उजेड हळूहळू वळत अंधारात जातो, म्हणून छायेची कड मऊ, एअरब्रश नाहीतर ब्लेंडर घे. पण हनुवटीची मानेवर पडलेली पडछाया हनुवटीला लागून असते तिथं तिची कड धारदार ठेव आणि लांब जाईल तशी सैल सोड, कारण वस्तूपासून सावली जितकी लांब तितकी ती पुसट होत जाते. बरीच पोरं दोन्ही एकाच मऊ ब्रशनं मारतात आणि मग चेहरा धुरकट दिसतो. सेल शेडिंग, म्हणजे कार्टूनसारखे सपाट रंग, करणार असशील तर दोन्हीच्या कडा धारदारच येतील, ती त्या शैलीची पद्धत आहे (त्यातला ‘सेल’ सेल्युलॉइडचा, जुन्या ॲनिमेशनमध्ये त्या पारदर्शक शीटवर रंग भरायचे).

शेडिंग हा शब्द परका म्हणून टाकू नकोस हां. कोल्हापुरात राजारामपुरीत नट-चित्रकार चंद्रकांत मांडरेंचं कलासंग्रहालय आहे, तिथं त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे कोरड्या रंगपुडीनं केलेली, चित्रं बघायला मिळतात, आणि त्या कामाला आख्खं कोल्हापूर पावडर शेडिंगच म्हणतं. एकदा जाऊन निवांत बघ, काळोखातून उजेडाकडं कसं सरकायचं ते कळेल.

प्रश्न :
बरोबर दादा. पण हायलाइटला काय? चकाकीच का? आणि हनुवटीच्या खाली व्हिडिओवाले एक उजळ पट्टा ठेवतात, तो कशाचा?

उत्तर :
चकाकी चालेल, पण मी दोन शब्द वापरतो. धातूला चकाकी, तेल लावलेल्या अंगाला तकाकी. कातडीवरच्या तकाकीचा रंग उजेडाचा असतो, म्हणजे पांढऱ्या उजेडात पांढरट. सोन्याची चकाकी मात्र पिवळीच येते, धातू स्वतःचा रंग चकाकीत मिसळतो. त्यामुळं एखाद्या बाईच्या गळ्यात कोल्हापुरी साज काढलास आणि त्याच्यावर पांढरेफटक ठिपके दिलेस तर तो प्लास्टिकचा वाटणार.

हनुवटीखालचा पट्टा म्हणजे परावर्तित प्रकाश, बोलताना सगळे बाउन्सच म्हणतात आणि मलाबी त्यात काय वावगं वाटत नाही. तुझ्या चित्रात तर तोच मुद्द्याचा आहे, कारण खाली आखाड्याची लाल माती आहे. वरच्या झरोक्यातनं उजेड मातीवर पडतो आणि मातीचा रंग घेऊन वर उसळतो, म्हणजे हनुवटीखाली, छातीच्या खालच्या वळणाला, दंडाच्या आतल्या बाजूला तांबूस झाक आली पाहिजे. फक्त ती उजेडातल्या भागापेक्षा कायम गडद ठेव, नाहीतर दुसरा दिवा लावल्यासारखं दिसतंय.

आणि लंगोटाच्या पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या मधे जो गच्च अंधार असतो, ज्याला सॉफ्टवेअरवाले ॲम्बियंट ऑक्लूजन म्हणतात, त्याला मी सांदीतली सावली म्हणतो. दोन पृष्ठभाग एवढे जवळ येतात की उजेडाला कुठनंच वाट मिळत नाही. सांदीकोपरा सगळ्यांच्या तोंडात आहे, समजावून सांगायला लागत नाही.

प्रश्न :
झरोक्यातनं अंगावर गोल गोल उजेड पडलेला दाखवायचा असला तर? आणि ॲपमधे लेयरला जो मल्टिप्लाय मोड असतोय, त्याला मराठी शब्द?

उत्तर :
त्याला कवडसा. कौलातल्या फटीतनं नाहीतर झाडाच्या पानांतनं येतो तो. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोलसर पडतो कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते, भोक बारीक पाहिजे आणि उजेड पडतो तिथनं दूर पाहिजे एवढंच. त्यामुळं कवडशाची कड किंचित मऊ ठेव. झरोका मोठा असेल तर मात्र कवडसा नाही, झोत म्हण, आणि मावळतीची तिरकी बारीक रेघ आत आली तर ती तिरीप. तीन शब्द, तीन वेगवेगळे ब्रश.

मल्टिप्लायला मल्टिप्लायच म्हण. ते बटणाचं नाव आहे, तिथं मराठी केलंस तर शिकणाऱ्याला बटण सापडायचं नाही. काम मात्र नावाप्रमाणंच, खालच्या आणि वरच्या रंगाच्या किमतींचा गुणाकार, ५० टक्के राखाडीवर ५० टक्के टाकलं की २५ टक्के, म्हणून ते कधी उजळत नाही आणि पांढऱ्यानं काहीच होत नाही. पडछायेचा लेयर मल्टिप्लायवर ठेव, पण काळा घेऊ नको, कातडीवर जांभळट तपकिरी घे, आणि छायेचा लेयर त्याच्यापासनं वेगळाच राहू दे म्हणजे नंतर एकाची कड मऊ करताना दुसरीला धक्का लागत नाही.