मदत हवी आहे : पूर्व भागातील रक्तदान शिबिराच्या पत्रकात कोणते फायदे लिहावेत, आणि नाकारल्या जाणाऱ्या महिलांसाठी काय करावे?

सर्वांना नमस्कार.

आमचे मंडळ सोलापूरच्या पूर्व भागात मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रक्तदान शिबिर घेणार आहे. मे महिना मुद्दाम निवडला आहे. महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की तिथली शिबिरे थांबतात, लोक गावी जातात आणि रक्तपेढ्यांतील साठा नेमका याच दिवसांत खालावतो. आधीच साठवून ठेवावे म्हटले, तर तांबड्या पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. त्यामुळे शिवजयंतीच्या शिबिरात मिळालेले रक्त मे महिन्यात थॅलेसेमियाच्या मुलाच्या कामी येत नाही, आणि त्या मुलाला तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते.

शिबिराचे पत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. रक्तदानाचे फायदे म्हणून जी पत्रके आजवर वाचनात आली, त्यांत हृदयविकार टळतो, कर्करोग होत नाही, वजन उतरते, असे सर्रास छापलेले असते. नियमित रक्तदात्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे हे खरे. परंतु रक्त मुळात निरोगी माणसाचेच घेतले जाते, त्यामुळे तो परिणाम रक्तदानाचा की आधीपासूनच्या चांगल्या प्रकृतीचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. ज्याची खात्री देता येत नाही ते आश्वासन यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. दात्याला निश्चित मिळते ते एवढेच : रक्तदाब आणि हिमोग्लोबिनची तपासणी, रक्तगटाची माहिती, आणि आपल्या रक्ताने कोणाचा तरी जीव वाचू शकतो हे समाधान. घेतलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते, पण तिचा उल्लेख फायदा म्हणून करावा का, याबद्दल मी साशंक आहे. संसर्ग नुकताच झाला असेल तर तो चाचणीत लगेच दिसत नाही, आणि केवळ फुकट चाचणीसाठी कोणी रक्त द्यायला आले तर धोका ते रक्त घेणाऱ्या रुग्णाला पोहोचतो. रक्तपेढीत काम करणाऱ्यांनी हा मजकूर कसा लिहावा ते कृपया सांगावे.

अशक्तपणाची भीती घालवणे त्यामानाने सोपे वाटते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि त्यातले ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतले जाते; द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशींना मात्र काही आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांनी ९० आणि महिलांनी १२० दिवसांचे अंतर ठेवायचे असते.

माझी खरी अडचण महिलांबाबत आहे. आमच्या भागात विडी वळणाऱ्या महिला मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांतल्या अनेक जणी रक्त देण्यासाठी उत्सुक असतात. परंतु हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी भरले की त्यांना परत पाठवले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय महिलांना रक्तक्षय आढळला होता, हे लक्षात घेता असे घडणे स्वाभाविकच आहे. ‘तुमचे रक्त चालत नाही’ एवढे एकच वाक्य ऐकून ती बाई खाली मान घालून घरी जाते आणि पुढच्या शिबिराकडे फिरकत नाही, याचे मला फार वाईट वाटते. वास्तविक गर्भवती नसलेल्या महिलेत १२ च्या खाली रक्तक्षय मानला जातो, म्हणजे १२.२ असलेली बाई आजारी नसते, आणि जिचे ९ निघते तिला मात्र तातडीने उपचार हवे असतात. या दोघींना एकच उत्तर देणे योग्य नाही. शिबिराच्या जागीच अशा महिलांसाठी वेगळे टेबल ठेवून आकडा लिहून द्यावा आणि जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात पाठवावे, असा आमचा विचार आहे. असे कोणी केले आहे का? लोहाच्या गोळ्या तिथेच द्याव्यात, की डॉक्टरांनी तपासल्याशिवाय देऊ नयेत? तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणीला त्या याव्यात यासाठी काय करावे लागते?

दुसरा प्रश्न कामगारांच्या पाळ्यांचा आहे. पुरेशी झोप न झालेल्या रात्रपाळीच्या कामगाराचे रक्त घेऊ नये, असे रक्तदात्यांच्या निकषांत स्पष्ट आहे. अवजड काम करणाऱ्यानेही रक्त दिल्यावर २४ तास कामावर जाऊ नये, असे म्हटलेले आहे. रोजंदारीवरच्या माणसाला एक दिवस घरी बस म्हणणे सोपे नसते. साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी शिबिर ठेवले तर दोन्ही गोष्टी साधतील आणि दुपारचा तडाखाही टळेल, असे वाटते. संध्याकाळी रक्तपेढीचे पथक येते का, आणि त्यासाठी किती आधी कळवावे लागते, हे सोलापुरातील अनुभवी आयोजकांनी सांगितल्यास बरे होईल.

भेटवस्तूंबाबत मंडळात दोन मते आहेत. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. डबा किंवा चादर यांच्या मोहाने एखादा दाता आपला आजार लपवू शकतो, म्हणून मी प्रमाणपत्र आणि अल्पोपाहार यापलीकडे जाऊ नये या मताचा आहे.

शेवटची विनंती भाषेची. आमच्या भागातील बरीच ज्येष्ठ मंडळी घरी तेलुगू बोलतात, पण त्यांना ती लिपी वाचता येत नाही. त्यामुळे छापील पत्रकासोबत रिक्षावरून ऐकवता येईल असा दोन-तीन मिनिटांचा तेलुगू मजकूर ध्वनिमुद्रित करायचा आहे. इथल्या बोलीत तो नीट बसवून देणारे कोणी असल्यास कृपया इथेच प्रतिसाद द्यावा. मराठी मसुदा मी लगेच पाठवीन.