अनुभव धागा: प्रवासातले फोटो आणि माणसांचे चेहरे (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्यांनी जरूर लिहा)

श्रावण सरला की आपल्याकडे कॅमेरे बाहेर निघतात. राजहंसगड, हलशी, गोकाक, नाहीतर थेट कणकुंबी. फोटो ढीगभर येतात, पण त्यातली माणसं बघवत नाहीत: कपाळावर ऊन, डोळ्यांत काळोख. तुमचे फोटो नेमके कशामुळे सुधारले ते लिहा. कॅमेऱ्याचं मॉडेल नको, काय केलंत ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची. पाहुणे आले की आम्ही तिथे जातो, आणि जातो ते नेमके भर दुपारी. अशा वेळी मी माणसाला पायरीवर उभं करत नाही. मंडपात दोन पावलं आत, तोंड बाहेर उजेडाकडे. पाठीमागे काळ्या गुळगुळीत दगडाचे खांब. फोकस जवळच्या डोळ्यावर, आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) चेहऱ्यावरून घ्यायचं, खांबांवरून नाही. नाहीतर कॅमेरा काळोख उजळायला जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. छतातल्या कमळाचा फोटो वेगळा घ्या. एकाच चौकटीत कमळही आणि काकूही, असा हट्ट धरू नका.

वडगावहून:
आमच्या गल्लीत अजून माग चालतात. मागाच्या खोलीत खिडकी एक आणि वर ट्यूबलाइट, त्यामुळे अर्धा चेहरा हिरवट आणि अर्धा निळसर येतो. शेजारच्या मावशींना विचारून मी जेवणाच्या सुट्टीत ट्यूबलाइट बंद करायला लागले. काम चालू असताना दिवा घालवायचा नाही. धागा तुटला तर नुकसान त्यांचं. नुसत्या खिडकीच्या उजेडात त्या मागावर बसल्या आणि पापण्यांवर साठलेलं सुताचं बारीक तूस दिसलं. लहानपणापासून मी त्यांना बघतेय, पण हे कधी दिसलं नव्हतं.

लेन्स ५० मिमी, एफ १.८ ची (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं). पण एफ १.८ वर एक डोळा धारदार आणि दुसरा धूसर येतो, म्हणून एफ २.८ वर येते. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत गेला तरी चालतो, दाणे दिसले तर दिसू देत. माग चालू असतानाचा फोटो घेताना शटर १/६० सेकंद उघडं ठेवते: चेहरा स्थिर, धोटा पळताना पुसट. माझं म्हणणं एकच, कामात असलेल्या माणसाला ‘इकडे बघा’ म्हणू नका.

खानापूरहून:
कुंभाराचा फोटो उभ्यानं काढू नका. चाकाच्या उंचीला मातीत बसा. बाकी सगळं आपोआप येतं.

रायबाग तालुक्यातून:
माघातली चिंचलीची मायाक्कादेवीची यात्रा बघितली असेल त्याला भंडारा काय उधळतो ते माहीत आहे. तिथे लेन्स बदलू नका. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा. काचेवर भंडारा बसला की आधी ब्लोअरनं उडवा, मगच फडका. थेट पुसला तर चरे पडतात. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सोय) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तो पिवळा रंगच मारून टाकतो, म्हणून ‘डेलाइट’वर बांधून ठेवा. भंडारा उडताना १/१००० च्या आसपास शटर हवं.

आणि वडगावच्या ताईंशी एका बाबतीत माझं जमत नाही. धनगरबाबांना मी सरळ विचारतो, “अज्जार, फोटो तेगीलेनरी?” (आजोबा, फोटो काढू का?) मग ते पटका सारखा करतात, काठी पुढे रोवतात, ताठ उभे राहतात. लोक म्हणतात फोटो बनावट झाला. मला ते पटत नाही. आपण कसं दिसावं हे ठरवायचा हक्क त्यांचाच आहे, आणि तो ताठपणाही त्यांचाच. लपून काढलेल्या फोटोपेक्षा मला हा जास्त खरा वाटतो.

गोकाकहून:
धबधबा १७० फुटांचा. घरच्यांना कठड्याला टेकवून फोटो काढला की पाणी मागे गढूळ भिंतीसारखं दिसतं, उंची कळतच नाही. लांब जा, माणूस चौकटीत लहान येऊ द्या, मग कडा केवढा आहे ते कळतं. पाण्याची रेशमी धार हवी असेल तर ट्रायपॉड आणि अर्धा सेकंद. त्यात माणूस नको, तो हलतोच. पावसाळ्यात घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत राहू देऊ नका. पुसून, वाळवून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्या हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

येळ्ळूरहून:
माझ्याकडे फोनच आहे. भातकापणीत आजीचा फोटो जवळ जाऊन काढला की नाक मोठं आणि कान गायब. आता मी चार पावलं मागे सरते आणि २एक्स झूमवर काढते, चेहरा आहे तसा येतो. वेळ सकाळी ऊन तिरकं असताना, नाहीतर गंजीच्या सावलीत. निवडक फोटोंच्या प्रिंट काढून शेतावरच्या बायकांना नेऊन देते. तेव्हापासून त्या स्वतःच बोलावतात, “ये गं, आज नवं लुगडं नेसलंय.”

एक विचारायचं होतं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्री एलईडीच्या झगमगाटात चेहऱ्यावर आडवे पट्टे येतात. काय करावं?

वडगावहून:
शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवून बघ. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे पट्टे जातात. फोनमध्ये प्रो मोड असेल तर तिथे बदलता येतं. भगव्या फेट्यांचा रंग फाटत असेल तर एक्स्पोजर थोडं कमी कर. आणि रथाच्या मागे पळू नकोस, एखाद्या दुकानाच्या उजेडात कोपरा धरून उभी राहा. लेझीमवाले तिथूनच जाणार आहेत.