पीटर की चौदावा लुई, ग्रेट कोण?

वर्गात दोन गट पाडून रशियाचा झार पीटर विरुद्ध फ्रान्सचा राजा चौदावा लुई अशी डिबेट घ्यायची आणि कोणाच्या लढाया-इमारती जास्त ते मोजून मार्क द्यायचे, असं एकाने सुचवलंय. डिबेटची आयडिया झकास आहे, पण असं मोजून मार्क द्यायचे हे काही पटलं नाही. तसं केलं तर लुईवाले त्याचा व्हर्सायचा राजवाडा दाखवणार, पीटरवाले स्वीडनला हरवलेली पोल्टावाची लढाई आणि त्याने वसवलेलं सेंट पीटर्सबर्ग, आणि तास संपणार. मी तर तिसरा गट करेन, तिथल्या साध्या रयतेचा, आणि उलटतपासणी त्यांच्याकडेच देईन. म्हणजे प्रोटेस्टंटांना धर्म पाळायची मुभा देणारं नांतचं फर्मान १६८५ मध्ये लुईने रद्द केल्यावर देश सोडून गेलेला ह्यूगनो (फ्रेंच प्रोटेस्टंट) विणकर, किंवा पीटरने दाढी ठेवण्यावर लावलेला दाढीकर भरणारा शेतकरी. दाढीकराचा किस्सा तर मुलं विसरणारच नाहीत, कर भरला की तांब्याचं नाणं मिळायचं, त्यावर नाक, मिशा, दाढी आणि 'पैसे घेतले' असा शिक्का! गावात शेतकऱ्याला माफी, पण शहराच्या वेशीतून जाता-येता दरवेळी एक कोपेक (रशियन पैसा) काढ. (हसू येतं, पण त्याच पीटरचा सख्खा मुलगा अलेक्सी १७१८ मध्ये छळ होऊन तुरुंगात मेला, हेही त्याच तासात यायला हवं.)

आणि हो, 'ग्रेट' ही पदवी दिली कोणी हेही विचारा. पीटरला १७२१ मध्ये त्याच्याच सिनेटने दिली. लुईलाही १६८० मध्ये पॅरिस शहराने दिली होती, पण त्याची टिकली नाही. का, यावर मुलांना भांडू द्या. माझं मत विचाराल तर पीटर, राज्य चालवायची यंत्रणा मागे ठेवून गेला म्हणून, पण किंमत मोजली ती रयतेनेच.