भाच्याचं अक्षर ‘रो’ आलंय, ‘रोवन’ ठेवावं का? (केल्टिक झाडांची नावं)

आत्या_लातूर
भाच्याचा जन्म फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला. नक्षत्र स्वाती, तिसरं चरण, म्हणजे अक्षर ‘रो’. दादा-वहिनीला झाडावरून नाव हवंय. वहिनीनं आयर्लंडकडच्या झाडांच्या महिन्यांचा एक तक्ता पाहिला. त्यात २१ जानेवारी ते १७ फेब्रुवारी हा काळ ‘रोवन’ झाडाचा दिलाय. अक्षरही जुळलं, तारीखही जुळली, म्हणून घरात सगळे हेच ठेवा म्हणायलेत. कानात नाव मला सांगायचंय, तर आधी खात्री करून घ्यावी म्हणते. हा तक्ता खरंच जुना आहे का? नावाचा अर्थ आणि उच्चार काय? दाखल्यावर काही अडचण येते का? आणि ‘रो’वरून आपल्याकडचं एखादं झाड असेल तर तेही सांगा. बारसं रविवारी आहे.

रेघोट्या
ताई, तक्ता जुना नाही. २८ दिवसांचे तेरा महिने आणि वर एक दिवस, प्रत्येक महिन्याला एक झाड, ही मांडणी इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १९४८ साली केली. प्राचीन केल्टिक लोकांचं (आयर्लंड-ब्रिटन-फ्रान्सकडच्या जुन्या लोकांचं) जे पंचांग हाती लागलंय ते वेगळंच आहे. १८९७ मध्ये फ्रान्समधल्या कोलिन्यी इथं काशाच्या पत्र्याचे तुकडे सापडले. त्यात पाच वर्षांचे ६२ महिने कोरलेत. महिने २९ किंवा ३० दिवसांचे, आणि चंद्र-सूर्याचा मेळ घालायला पाच वर्षांत दोन जास्तीचे महिने. आपल्या अधिक महिन्याची हीच रीत. तिथं झाडांचा क्रम नाही.

झाडांचा संबंध येतो तो ओघम या आयर्लंडच्या जुन्या लिपीतून. मूळ अक्षरं २०, पाच-पाचांचे चार गट, दगडाच्या कडेवर मारलेल्या रेघा. अक्षरांच्या नावांपैकी काही खरोखर झाडांची आहेत: बेह म्हणजे बर्च, फार्न म्हणजे आल्डर, साल म्हणजे विलो, दार म्हणजे ओक, कोल म्हणजे हेझल. रोवनशी जोडतात ते ‘लुश’ हे दुसरं अक्षर, पण त्या शब्दाचा मूळ अर्थ झाड हाच होता का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं की ओघमचे जे सुमारे ४०० दगड उरलेत, त्यांवर बहुतेक माणसांचीच नावं आहेत, ‘अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा’ अशा धर्तीची. म्हणजे दगडांवर ही लिपी मुख्यतः नावं जपण्यासाठी वापरली गेली. तेव्हा तिथलं नाव जरूर घ्या, मात्र ‘जन्मतारखेचं झाड’ म्हणून घेऊ नका.

तारखेचं म्हणाल तर रोवन तिकडं मे-जूनमध्ये फुलतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात लाल फळांनी लगडतं. फेब्रुवारीत ते उघडंबोडकं उभं असतं. त्याच दिवसांत आपल्याकडं सावर फुललेली असते आणि पळसाला कळ्या धरतात.

शब्दवेडा_परभणी
अर्थाबद्दल. इथं दोन वेगळे शब्द एकत्र झालेत. झाडाचं ‘रोवन’ हे नाव इंग्रजी-स्कॉट्समध्ये नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेकडून आलं. आयरिशमध्ये त्या झाडाला ‘कीरहन’ असं काहीसं म्हणतात. माणसाचं रोवन हे नाव मात्र बऱ्याचदा ‘रुआन’ या आयरिश नावाचं इंग्रजी रूप असतं. रुआन म्हणजे तांबूस, लालसर. सहाव्या शतकात आयर्लंडमधल्या टिपेररीतल्या लोऱ्हा इथं मठ स्थापणाऱ्या संताचं हेच नाव. मुलगा-मुलगी दोघांनाही हल्ली रोवन ठेवतात.

उच्चार ‘रोअन’. स्कॉटलंडमध्ये ‘राउअन’ही ऐकू येईल. आता हा शब्द आपल्या कानांवर कसा पडेल ते बघा. मराठीत ‘रोवणं’ म्हणजे जमिनीत पक्कं बसवणं, तो अर्थ चांगलाच आहे. पण आपल्याकडं गल्लीत, शाळेत दखनी-हिंदी सर्रास बोलतात, आणि हिंदीत ‘रोवन’ म्हणजे रडणं. रोमन लिपीतून वाचणारा ‘रावन’ही वाचेल, आणि त्याचा रावण व्हायला वर्गात एक दिवस पुरतो. पोराला हे दहा वर्षं ऐकावं लागेल.

तिकडची झाडांवरची बाकी नावं निवडतानाही हीच चाळणी लावा. ‘दारा’ म्हणजे ओकवरून आलेलं नाव, पण संस्कृतात दारा म्हणजे बायको, आणि पोरं दारूवर नेतील. ‘ओवन’चा पारंपरिक अर्थ यू झाडापासून जन्मलेला, इथं मात्र भट्टी आठवेल. ‘हॉली’ची होळी होते. ‘आयव्ही’ म्हटलं की दवाखान्यातली सलाईन. ‘हेझल’ त्यातल्या त्यात तरून जातं. परीक्षा सोपी आहे: नावाला ला, चा, ने लावून बघा, लाडाचं रूप करून बघा आणि अंगणातून मोठ्यानं हाक मारून बघा.

पानगळ
‘रो’वरून आपलं झाड आहे की! रोहन. शास्त्रीय नाव सोयमिडा फेब्रिफ्यूगा, कडुलिंबाच्याच कुळातलं. गाभ्याचं लाकूड गडद तांबडं, साल कडू. तापावर ती साल वापरायचे, शास्त्रीय नावातला ‘फेब्रिफ्यूगा’ म्हणजे ताप पळवणारं. कोवळी पालवीही तांबूस. कोरड्या पानगळीच्या जंगलातलं झाड आहे, किनवट-माहूरकडं तशी जंगलं अजून आहेत. रोवनचा ‘तांबूस’ हा अर्थ, ‘रो’ हे अक्षर आणि जवळजवळ तोच ध्वनी, सगळं या एका नावात मिळतं. लोक रोहन हे नुसतं प्रचलित नाव समजतात, याच नावाचं झाड आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दुसरा मार्ग असा: स्वातीचा आराध्यवृक्ष अर्जुन. ‘रो’चं रासनाव पत्रिकेपुरतं ठेवायचं आणि व्यवहारात अर्जुन. अर्जुन म्हणजे पांढरा, उजळ, त्या झाडाची फिकट गुळगुळीत साल बघितली की पटतं.

नोंदवही
दाखल्याचं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नावाचा रकाना तेव्हा रिकामा ठेवता येतो. १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून बारशाला घाईत ठरलेलं नाव लगेच नोंदवायची गरज नाही, महिनाभर हाक मारून बघा.

एकदा नोंदवलं की मात्र बदल अवघड, राजपत्रापर्यंत जावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, मतदारयादी सगळीकडं हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून लागतो. चूक होते ती परक्या नावात: रोवन, रोव्हन, रोअन असं तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलं जातं आणि दहावीच्या वेळी निस्तरावं लागतं. अर्जावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग ठळक अक्षरांत स्वतः लिहून द्या, आणि छापण्याआधी पडद्यावर एकेक अक्षर वाचून घ्या.

आत्या_लातूर
सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीला ‘रोहन’ पटलं, लाल लाकडाचं कळल्यावर तर जास्तच. त्याच्या नावानं शेताच्या बांधावर रोहनचंच झाड लावायचं म्हणतोय. जमेल का?

पानगळ
जमेल, जागा मुरमाड आणि निचऱ्याची निवडा. भारी काळ्या रानात पावसाळ्यात पाणी साचून मूळ कुजतं. उन्हाळ्यातच दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तापू द्या, मृगाचा चांगला पाऊस झाला की लावा. सोटमूळ खोल जातं, म्हणून पिशवीत मूळ गुंडाळलेलं जुनं रोप घेऊ नका. वाढ सावकाश असते. पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्याला पाणी आणि शेळ्यांपासून काटेरी कुंपण हवंच. रोपवाटिकेत शास्त्रीय नाव सांगूनच मागा, नाहीतर रक्तरोहिडा हातात देतील, ते वेगळं झाड आहे.