आईची जट काढायची आहे, पण ती तयार नाही

सीमाभागातली
आम्ही गडहिंग्लज तालुक्यातले. धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर आईला ताप भरला, बरेच दिवस डोक्याला फणी लागली नाही आणि मानेवर केसांचा गुंता झाला. आजीनं यल्लम्मा देवीच्या जोगतिणीला बोलावलं. तिनं हळद-कुंकू लावलं, "आई आली" म्हणाली, झालं. तेव्हापासून ना फणी, ना कात्री. मंगळवार-शुक्रवार भंडारा. आता जट कमरेखाली येते, मनगटाएवढी जाड आहे. झोपताना उशीशेजारी वेगळी ठेवावी लागते. पावसाळ्यात न्हाली की लवकर वाळत नाही, वास मारतो, म्हणून आई लग्नकार्याला जायचं टाळते. तसं ती बोलत नाही, पण मला कळतं.

आता मान दुखते. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि म्हणाले, आधी हे वजन उतरवा. आई तिथं गप्प बसली. घरी आल्यावर म्हणाली, "वरच्या गल्लीतल्या बाईनं कापली, वर्षात पोरगा गेला." तो पोरगा रात्री मोटारसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागं ना दिवा होता ना रिफ्लेक्टर. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, तरी दोष जटेला.

मी देव मानते. आम्ही सौंदत्तीला यात्रेला जातो. यल्लम्माशी माझं भांडण नाही. कुणाच्या घरी जट निघाली असेल तर त्या बाईला कसं तयार केलंत ते सांगा. "ही अंधश्रद्धा आहे" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

पुणेरी_तर्क
झोपेत कापून टाका. सकाळी काही वाईट झालं नाही हे बघितलं की भीती आपोआप जाईल.

त्वचेचा_डॉक्टर
हे चुकूनही करू नका. एक तर तिचं डोकं आहे, तिची परवानगी हवी. दुसरं, पुढं घरात काहीही झालं, अगदी म्हैस आटली तरी त्याचं खापर तुमच्यावर फुटेल.

जट होते कशी, तेवढं आईला सांगून बघा. माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतात. विंचरताना ते फणीत येतात. फणीच बंद झाली की ते तिथंच अडकतात, त्यात तेल, घाम, धूळ, हळद बसते आणि लोकर थापून जेन करतात तसा सगळा एकजीव गोळा होतो. सुरुवातीला तेल लावून चिकाटीनं सोडवता येतो, एवढा जुना नाही येत. उवा बऱ्याचदा असतात. आत जखमा झालेल्या असल्या तरी वरून दिसत नाहीत.

आणि हे आपल्याकडचंच नाही. वैद्यकात याचं एक नाव प्लिका पोलोनिका आहे, पोलंडवरून पडलेलं. तिथल्या खेड्यांत लोक अशा जटा वर्षानुवर्षं राखायचे. कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल अशी भीती. क्राकोचे डॉक्टर युझेफ डिएट्ल 19 व्या शतकात त्याविरुद्ध लढले, पुढं ते त्या शहराचे महापौर झाले. पोलंडात काही यल्लम्मा नव्हती! केस विंचरले नाहीत की जट होते, आणि तिची भीती ज्या त्या गावाची.

एक मात्र आधीच सांगतो. मणके झिजले असतील तर जट काढूनही मानेचं दुखणं पूर्ण थांबेल असं नाही. आईला तसं वचन देऊ नका.

भंडारावाला
सगळंच फुटपट्टीनं मोजायचं का? आमच्या मावशीला जट आहे. लोक तिच्या पाया पडतात. कापल्यावर तो मान जाणार, तो कोण भरून देणार?

सीमाभागातली
पाया माझ्या आईच्याही पडतात. पंगतीला शेजारी कुणी बसत नाही. माझ्या आजीच्या बहिणीला लहानपणी जट दिसली म्हणून देवीला सोडलं. देवदासीविरुद्ध मुंबई इलाख्याचा कायदा 1934 चा, महाराष्ट्राचा 2005 चा. ती मात्र मरेपर्यंत जोगवा मागत फिरली. मान तोच असेल तर आमच्या घरात तो पुरेसा झाला.

पन्हाळ्याची_मावशी
मी बाईच हाय, आमच्याकडं बायका 'आलो, गेलो' म्हणत्यात, हसू नका.

माझी जट निघाली. भ्या स्वतःचं नव्हतं. मला काय व्हायचं ते होऊ दे, पोरांना नको, एवढंच डोक्यात. तुझ्या आईचंबी तेच असणार, विचारून बघ.

अंनिसच्या, म्हंजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या बाया आल्या. पहिल्या खेपेला कात्रीचं नावबी काढलं नाही, चहा पिऊन गेल्या. पुढच्या येळी जट काढलेल्या एका बाईला संगं आणलं. तिचा अंबाडा मी हातानं चाचपून बघितला. तिची नातवंडं सुखात हायत हे कळलं आणि मी हो म्हटलो. आधी देवीची ओटी भरली, नारळ फोडला. मग मोठ्या कात्रीनं थोडं थोडं कापत गेल्या, एका घावात निघत नाही. आतनं राखेसारखं निघालं, वास तर इचारू नका. जट हिरव्या खणात बांधली आन् सौंदत्तीला नेऊन सोडली. देवी अजून देव्हाऱ्यात हाय. मी मंगळवार सोडलेला नाही.

खरी कसोटी फुडं वर्षभर. घरात कुणाला शिंक आली तरी सगळी माझ्या डोक्याकडं बघायची. नातवाला ताप आला तर सासू जेवली नाही. म्हणून कापायच्या आधीच घरात सगळ्यांना बसवून सांग, वर्षात कुणी ना कुणी आजारी पडणारच, जट असतानाबी पडतच होतं की. जट असताना कोण कवा आजारी पडलं, ते आईकडनंच मोजून घे. माझ्या लेकीनं तसंच केलं. दीर तर जट असतानाच गेला होता, ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

सीमाभागातली
मावशी, माझे बाबा जट असतानाच गेले. आम्ही कुणीच हे तसं मोजलं नव्हतं. तुम्ही आईशी फोनवर बोलाल?

पन्हाळ्याची_मावशी
फोनवर नको, कान ऐकतो पण मन ऐकत नाही. मीच येतो, आईतवारी, एसटीनं. शुक्रवारी माझा उपास असतोय. डॉक्टरांना इचारून उवांचं औषध आधीच आणून ठेव, पण आईला दिसंल असं ठेवू नको.