पिगमेंटेशन: वर्ण, वाण की रंगद्रव्य?

प्रश्न: प्राण्यांचा रंग आणि त्यांचं वागणं यांच्या संबंधावर लेख लिहितोय. पिगमेंटेशनला 'वर्ण' आणि बिहेविअरला 'स्वभाव' चालेल का?

प्रतिसाद १: दोन्ही नकोत. मेलॅनिन हा कातडीला-केसांना रंग देणारा पदार्थ आहे, त्याला 'रंगद्रव्य' रुळलेलं आहे. पिगमेंटेशन म्हणजे ते पेशींत तयार होणं आणि साठणं, त्यासाठी एकच शब्द हवा हा हट्ट सोडा. 'रंगद्रव्याचं प्रमाण' म्हटलं की काम भागतं. उंदीर चावला हे वर्तन, ते मोजता येतं. तो रागीट आहे हा स्वभाव, म्हणजे आपण काढलेला निष्कर्ष.

प्रतिसाद २: 'वर्णा'चंच मराठी रूप 'वाण'. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! म्हणीने रंग आणि गुण केव्हाच वेगळे काढलेत. शरीर मात्र इतकं काटेकोर नाही. पीओएमसी या जनुकापासून एक लांब प्रथिन बनतं. त्याचा एक तुकडा मेलॅनिन बनवायला लावतो, दुसरा ताणाची संप्रेरकं सोडायला. म्हणून काही प्राण्यांत गडद रंग आणि आक्रमकपणा जोडीने दिसतात. उलट दिशेचं उदाहरणही आहे. रशियन आनुवंशशास्त्रज्ञ बेल्यायेव यांनी १९५९मध्ये सायबेरियात नोव्होसिबिर्स्कला रुपेरी कोल्ह्यांची पैदास सुरू केली. निवड फक्त माणसाळलेपणावर, तरी काही पिढ्यांत बांडी, म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेली पिल्लं जन्मू लागली, कुणाच्या कपाळावर पांढरा चांद. ('बांडा' हा गुराढोरांचा शब्द इथे चपखल बसतो.)

प्रश्नकर्ता: लेखात माणसांचाही भाग आहे.

प्रतिसाद १: तिथेच 'वर्ण' घात करतो. रश्टन आणि टेम्पलर या मानसशास्त्रज्ञांनी २०१२मध्ये प्राण्यांवरची ही निरीक्षणं माणसांवर लावून गडद त्वचेचा संबंध आक्रमकतेशी जोडला. २०२१मध्ये तो निबंध नियतकालिकाने मागे घेतला. शब्द 'पिगमेंटेशन' होता, तुलना मात्र मानवसमूहांची चालली होती. मराठीत 'वर्ण' लिहिलंत तर ही हातचलाखी आपोआप होईल, कारण त्या एका शब्दात कातडीचा रंगही आहे आणि समाजातली उतरंडही.

प्रतिसाद २: शिवाय माणसाच्या त्वचेचा रंग अनेक जनुकांवर ठरतो. युरोपीयांच्या फिकट त्वचेत मोठा वाटा असलेलं एसएलसी२४ए५ हे जनुक २००५मध्ये झेब्राफिश या छोट्या माशाच्या अभ्यासातून कळलं. ते पेशीतल्या आयनांची (विद्युतभारित कणांची) देवघेव सांभाळतं, पीओएमसीच्या साखळीत ते मोडत नाही. कोल्ह्यावरून माणसावर उडी मारायला मधे पूलच नाही.

प्रश्नकर्ता: मग शीर्षक 'रंगद्रव्य आणि वर्तन' ठेवतो. मेलॅनिझमला, म्हणजे जास्त मेलॅनिनमुळे प्राणी काळा होण्याला, काय म्हणू?

प्रतिसाद १: 'कृष्णता'. आणि काळा बिबट्या ही वेगळी जात नव्हे, एवढं त्याच वाक्यात लिहून टाका.