दहा-वीस पीसच करायचे असतील तर फ्रंट पॅनेल पीसीबीचंच (सर्किट बोर्डच्या पाटीचंच) करा, पत्रा आणि ॲक्रिलिकच्या मागे लागू नका

ड्रिपडब्बा
मागच्या वर्षी ओळखीच्या शेतकऱ्यांसाठी ड्रिपच्या व्हॉल्व्हचा टायमर बनवला, बारा पीस. आत काय विशेष नाही, एक ईएसपी-३२ (वाय-फायवाला छोटा कंट्रोलर), चार रिले, २४ व्होल्ट एसीवर चालणारे चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह, वर सोळा बाय दोनचा डिस्प्ले, चार टॉगल स्विच आणि एक एन्कोडर, म्हणजे फिरवून आणि दाबून निवडायचा नॉब. सर्किट दोन रविवारात झालं आणि पॅनेलला तीन महिने गेले, खरंच तीन महिने. आधी एबीएसचे तयार डबे आणून हाताने ड्रिल मारलं, कागदाचं टेम्प्लेट चिकटवून सेंटर पंच करून सगळं नीट केलं तरी बाराव्या डब्यापर्यंत हात दमतो, एक होल अर्धा एमएम इकडे एक तिकडे, आणि डिस्प्लेची चौकोनी खिडकी कानसीने घासत बसायचं म्हणजे एका डब्याला दीड तास. वर विनाईलचं छापील स्टिकर लावलं. एप्रिलमध्ये सगळ्या स्टिकरचे कोपरे उचलले, मे मध्ये निम्मे गळून पडले, आणि शेतकऱ्याला कळेना कुठला टॉगल कुठल्या व्हॉल्व्हचा.

या वर्षी पॅनेलच पीसीबी म्हणून डिझाईन केलं. म्हणजे कॉपरचे ट्रॅक नाहीत, नुसती १.६ एमएमची एफआर-४ ची (काचेच्या फायबरची) प्लेट, काळा मास्क म्हणजे बोर्डवरचा रंगाचा थर, पांढरी अक्षरं, होलं आणि डिस्प्लेची खिडकी मशीनने कापलेली. टॉगलला सहाचं होल, एन्कोडरला सातचं, डिस्प्लेच्या स्क्रूला ७५ बाय ३१ वर चार होलं, सगळं पहिल्या पीसला आणि शेवटच्या पीसला तेच. वरून एक गोष्ट अशी मिळाली की जी पत्र्याला नाही. जिथे मास्क आणि कॉपर दोन्ही बाजूंनी काढलं तिथे नुसतं फायबर राहतं आणि मागे एलईडी ठेवला की तो भाग आतून उजळतो, त्यामुळे एलईडीसाठी होल नाही, होल्डर नाही, पाणी आत जायला वाट नाही.

माझं मत सरळ आहे. पन्नासच्या वर पीस असतील तर पत्रा, एकच असेल तर हाताने करा, पण दहा-वीसच्या मधे पीसीबीशिवाय काही करू नका. आणि पॅनेल आधी डिझाईन करा, सर्किट नंतर. आपण सगळे उलटं करतो आणि मग नॉब वळवताना बोट टॉगलला लागतं.

पॅनेलवायरमन_अक्कलकोटरोड
दादा मी एमआयडीसीत स्टार्टर पॅनेल बनवतो, वीस वर्षं झाली. तुमचं कौतुक आहे पण हे पटलं नाही. पॅनेल म्हणजे नुसतं होलं आणि अक्षरं नाही ओ. शेतातल्या खोलीत डबा भिंतीवर लागतो, त्याच्यावर घमेलं आपटतं, कोणीतरी खोरं टेकवतं, उंदीर आत शिरतो. १.६ चं फायबर लांबीला १६० च्या वर गेलं की मधे दाबलं की वाकतं, एन्कोडर दाबून सिलेक्ट करायचा म्हणजे रोज तेच वाकणार आणि मागच्या डिस्प्लेच्या सोल्डरिंगवर ताण येणार. सीआरसीए (कोल्ड रोल्ड पोलादी) पत्रा, वाकवून, पावडर कोटिंग करून घ्या, २२ एमएमचं इंडस्ट्रियल पुशबटन बसवा, होल २२.५ चं, गॅस्केट येतंच त्याच्याबरोबर. ते बटन ग्लोव्ह घालून पण दाबता येतं. तुमचं ते छोटं टॉगल शेतकऱ्याच्या अंगठ्याला सुईसारखं लागतं.

हाताने होलं वाकडी येतात म्हणता, पण त्याला औषध आहे. स्टेप ड्रिल वापरा. पातळ पत्र्यावर साधा ड्रिल त्रिकोणी होल पाडतो, स्टेप ड्रिल गोल पाडतो. आणि बारा पत्रे एकावर एक क्लॅम्प करून एकदाच पायलट होल मारा म्हणजे बाराही सारखे येतात. आमच्याकडे पोरगा दुसऱ्या आठवड्यात हे शिकतो.

ड्रिपडब्बा
काका वाकण्याचं बरोबर आहे, म्हणून मी मागे दोन जास्तीचे स्पेसर दिले, बरोबर एन्कोडरच्या शेजारी. आणि आमचं पॅनेल १०० बाय १०० च्या आतच आहे, तेवढ्या मापापर्यंत बोर्ड बनवणारे स्वस्त रेट लावतात म्हणून मुद्दाम तिथेच थांबवलं. पण पत्र्याच्या डब्यात वाय-फायचं काय करायचं ते सांगा. ईएसपीचा अँटेना पत्र्याच्या आत ठेवला की मोबाईलला सिग्नलच येत नाही, बाहेर अँटेना काढावा लागतो, म्हणजे परत एक होल, परत एक जागा जिथून पाणी जाणार. (पीसीबीवर सुद्धा अँटेनाच्या समोर कॉपर ठेवायचं नाही, नवीन लोक शोभेसाठी पूर्ण कॉपर भरतात आणि मग सिग्नल शोधत बसतात.)

क्लॅम्पची युक्ती चांगली आहे, ती खरंच माहीत नव्हती. पण चौकोनी खिडकी काय क्लॅम्प करून निघत नाही.

लेझर_नवीपेठ
आमचं दुकान ट्रॉफी, सन्मानचिन्ह, नेमप्लेटचं. हॉबीवाले पोरं येतात अधूनमधून, म्हणून बोलतो. तुम्ही बोर्ड बाहेरगावी बनवायला टाकता, आठवडा-दोन आठवडे थांबता, आणि आल्यावर कळतं की खिडकी दोन एमएम खाली गेली, मग परत पूर्ण ऑर्डर. माझ्याकडे या, तीन एमएमचं ॲक्रिलिक समोर कापून देतो, चुकलं तर तिथेच फाईल दुरुस्त करून दुसरा कापतो, चहा संपायच्या आत. दोन रंगांची शीट असते, वरचा थर काळा आणि खालचा पांढरा, वरचा कोरला की खालचं अक्षर दिसतं. ते अक्षर छापलेलं नाही, कोरलेलं आहे, ते पुसणार कसं? तुमची पांढरी शाई अंगठ्याने रोज घासली तर दोन सीझनमध्ये जाईल.

फक्त एक विनंती सगळ्यांना, पीव्हीसीची शीट घेऊन येऊन ॲक्रिलिक आहे म्हणून सांगू नका. पीव्हीसी लेझरखाली जळलं की क्लोरीनचा ॲसिडसारखा वायू निघतो, छातीत जातो आणि मशीनचे रेल गंजतात. एकाने असंच केलं होतं, लेन्स बदलावी लागली. पॉलिकार्बोनेट पण नको, ते नीट कापत नाही, काळं पडतं.

ड्रिपडब्बा
शाई पुसते हे मान्य. म्हणून अक्षरं शाईने न करता मास्क उघडून खालच्या कॉपरवर टिनचं फिनिश येऊ द्यायचं, मग ती धातूची अक्षरं होतात, ती घासून जात नाहीत.

पण ॲक्रिलिकचा माझा अनुभव वाईट आहे. लेझरने कापलेल्या कडेत ताण राहतो, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं की काही वेळात बारीक तडे दिसायला लागतात. सोल्डरिंगनंतर फ्लक्स साफ करायला आपण तेच वापरतो. मी एकदा पूर्ण पॅनेल पुसलं आणि सगळ्या होलांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखं झालं. नट घट्ट केला तरी तेच.

लेझर_नवीपेठ
आयसोप्रोपिलने ॲक्रिलिक पुसायचंच नाही, साबणाचं पाणी आणि मऊ कापड. आणि नटाखाली फायबरचा वॉशर टाका. मटेरियलचा दोष नाही, वापरायची पद्धत चुकली.

डाळिंब_सांगोला
मी वापरणारा माणूस आहे, बनवणारा नाही. ड्रिपडब्बा दादांचाच एक डबा माझ्या बागेत आहे, पहिल्या लॉटमधला, स्टिकर गळालेला. तुमची चर्चा वाचू लालोय आणि मला वाटतंय तुम्ही सगळे दिवसा टेबलावर बसून पॅनेल बघताव. आमच्याकडं लाईट बऱ्याचदा रात्रीची येते. रात्री एक वाजता एका हातात बॅटरी, पायाखाली चिखल, आणि त्या डब्यापुढं उभं राहून कुठलं बटन ते शोधायचं. तेव्हा पत्रा का फायबर मला काय फरक पडत नाही. मला तो उजळणारा आकडा पाहिजे. ती फायबरमधनं लाईट येणारी गोष्ट ऐकून बरं वाटलं, तेवढी मात्र नक्की ठेवा.

दुसरं असं की तुम्ही व्हॉल्व्ह १, व्हॉल्व्ह २ असं छापताव. आमच्यात कुणीच असं म्हणत नाही. विहिरीकडचा, ओढ्याकडचा, लिंबाखालचा, नवीन बाग, अशी नावं आहेत. माझा भाऊ गेला की त्याला फोन करून विचारावं लागतं दोन म्हणजे कुठला. तिसरं, उन्हाळ्यात दुपारी डिस्प्ले पूर्ण काळा पडतो, एक अक्षर दिसत नाही, संध्याकाळी परत येतं. मला वाटलं खराब झाला.

ड्रिपडब्बा
भाऊ डिस्प्लेचं कारण आता कळालंय. साध्या सोळा बाय दोनची रेंज ० ते ५० डिग्रीची असते, आणि आपल्याकडे बाहेरच ४२-४३ असताना उन्हातल्या बंद डब्यात ५० केव्हाच ओलांडतं, मग काच पूर्ण काळी दिसते. उणे २० ते ७० वाला वेगळा मिळतो, या लॉटला तोच घेतलाय. तुमचा पण बदलून देतो, येत्या रविवारी येतो.

नावांचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बारा शेतकरी म्हणजे बारा वेगळी पॅनेलं, मग एकसारखी करायचा फायदाच जातो.

पूर्वभागातली
मी डिप्लोमाच्या मुलांना प्रॅक्टिकल शिकवते. नावांवरून सांगते, भाषेचा प्रश्न पण आहे आणि त्यावर कोणीच बोललं नाही. आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, बाहेर मराठी. सोलापुरात हे घरोघरी आहे. वडिलांचे लूम होते, त्यांच्या मशीनवर एक इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं त्यांना, पण अंधारात हात लावून सांगायचे कुठलं हँडल काय करतं, कारण प्रत्येकाचा आकार वेगळा होता. आपले प्रोजेक्ट मात्र सगळीकडे तेच चार टॉगल, तीच चार अक्षरं, आणि ती पण इंग्रजीत. मी मुलांना म्हणते, आधी नॉबचा आकार वेगळा करा, एक गोल, एक चोचीसारखा, एक चौकोनी, थ्रीडी प्रिंटरवर अर्ध्या तासात होतो. एन्कोडरचा दांडा सहा एमएमचा असतो, त्यावर काहीही बसतं. अक्षर नंतर.

आणि मराठी अक्षर पीसीबीवर टाकणार असाल तर जपून. बोर्ड डिझाईनच्या सॉफ्टवेअरच्या साध्या रेषांच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं तुटतात, "व्हॉल्व्ह"चं काय होतं ते बघवत नाही. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहायचा, त्याचा पाथ (रेषांचा आकार) करायचा, मग चित्र म्हणून बोर्डवर आणायचा. आणि बनवणारे साधारण ०.१५ एमएमच्या खालची रेषा छापत नाहीत, इंग्रजीला एक एमएम उंची पुरते पण मराठीत अनुस्वार आणि अर्धा र भरून जातात. आम्ही चार एमएमच्या खाली जात नाही.

पॅनेलवायरमन_अक्कलकोटरोड
ताई आकाराचं लाख बोललात. आमच्याकडे पण रंग ठरलेला असतो, बंदचं बटन लाल, आणीबाणीचं लाल मशरूम पिवळ्या पट्टीवर, ते वाचायची गरजच नाही. दादा तुमच्या डब्यावर सगळे टॉगल चंदेरी, त्यांच्यावरच्या सगळ्या टोप्या काळ्या. माझं अजून पण मत पत्र्याचंच आहे, पण रंगाच्या टोप्या तरी आजच टाका.

नवशिका_होटगीरोड
मधे विचारतो, पीसीबीचं पॅनेल घरी परत एक होल वाढवायचं असेल तर ड्रिल मारता येतं का? आणि ऑर्डर दिलेल्या बोर्डवर पुढच्या बाजूला कसला तरी नंबर छापून आला, सगळं घाण दिसतंय.

ड्रिपडब्बा
येतं, पण काचेच्या धाग्याची धूळ उडते, नाकातोंडाला मास्क घाल, पाणी मारत मार आणि खाली लाकूड ठेव नाहीतर मागचा थर उचकटतो. नंबर त्यांचा ऑर्डर नंबर असतो, ऑर्डर देताना काढायला सांगायचा नाहीतर मागच्या बाजूला जागा दाखवून द्यायची. आणि ऑर्डरच्या आधी पॅनेल कागदावर शंभर टक्के साईजला छाप, चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर चिकटव, खरे टॉगल आणि एन्कोडर त्यात बसव आणि दोन दिवस वापर. मी पुठ्ठ्यावर तीनदा जागा बदलली.

सगळ्यांचं वाचून मी माझं थोडं बदलतो, पूर्ण नाही. प्लेट पीसीबीचीच राहणार. चारही टॉगलच्या वर ६० बाय १० चा रिकामा पट्टा सोडतो, दोन टोकांना तीनची होलं. त्यात लेझरवाल्या दादांकडून दोन रंगांच्या शीटची कोरलेली पट्टी, ज्याच्या शेताची जी नावं ती, हव्या त्या भाषेत. पट्टी बदलली की डबा दुसऱ्या शेतात चालतो. खाली फायबरमधून उजळणारे १ ते ४ आकडे तसेच. टोप्या लाल, पिवळी, निळी, हिरवी. एन्कोडरचा नॉब ताईंनी म्हटल्यासारखा चोचीचा.

लेझरवाले दादा, १० एमएमच्या पट्टीत "लिंबाखालचा" नीट कोरला जाईल का, का पट्टी १२ ची करू? बोर्डची फाईल मी शनिवारी टाकणार आहे.

लेझर_नवीपेठ
१२ करा. वेलांटी वर आणि उकार खाली जातो, १० मध्ये अक्षर बारीक करावं लागेल आणि रात्री बॅटरीत दिसणार नाही. पट्टीची फाईल आणा, एक फुकट कापून देतो, ती पुठ्ठ्यावर लावून बघा आणि मग बोर्ड टाका.

डाळिंब_सांगोला
माझ्या पट्टीवर लिंबाखालचा पहिला नको, विहिरीकडचा पहिला घ्या. पाणी तिथनंच सुरू होतंय.